ताटाशेजारचा आधार

जेवण टाकणाऱ्या मुलीच्या वाट्याला घरात आधी विनवणी येते, मग दटावणी. दोन्ही निष्फळ ठरल्या की आईबाप एकमेकांना दोष देऊ लागतात. ॲनोरेक्झिया नर्व्होसा हा विकार मुलांनाही जडतो. आणि घर कोणतेही असो, तो या दुफळीवरच पोसतो.

वैद्यकानेही पालकांना दीर्घकाळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. विकाराला हे नाव देणारे लंडनचे सर विल्यम गल यांनी 1873-74 च्या सुमारासच असा अभिप्राय दिला होता की, अशा रुग्णाच्या शुश्रूषेस आप्तस्वकीय बहुधा सर्वांत अयोग्य ठरतात. या समजाला मोठा धक्का दिला तो लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातील संशोधकांनी. त्यांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार कोवळ्या वयात सुरू झाला होता व तीन वर्षांहून जुना नव्हता, अशा रुग्णांना एकट्याने घेतलेल्या मानसोपचारापेक्षा कुटुंबासह घेतलेल्या उपचारांचा अधिक गुण आला, असे त्यात दिसून आले.

त्यातून विकसित झालेल्या पद्धतीत आहाराची सूत्रे काही काळ आईबाप हाती घेतात. काय व किती वाढायचे ते दोघे एकमताने ठरवितात आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसतात. वजन सावरले की ती सूत्रे क्रमाक्रमाने मुलीकडे परत जातात.

ही सक्ती नव्हे काय? वरकरणी तसे वाटेल. परंतु 1944-45 मध्ये मिनेसोटा येथे 36 निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवले असता तेही अन्नाच्या विचाराने पछाडले गेले, खिन्न व चिडखोर झाले. उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग नसतो. प्रथम शरीराचे पोषण व्हावे लागते.

म्हणून ताटावर युक्तिवाद नको, रागही नको. ‘एवढे खायचे आहे, मी इथेच बसले आहे,’ इतके शांतपणे म्हणणे पुरे. ‘आता अंग भरले हो!’ हे कौतुकही तिला दूषणासारखे बोचते, ते टाळावे. भावंडांना पहारेकरी करू नये. मात्र हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. फार खंगलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून जीवावर बेतू शकते. घेरी येणे वा नाडी मंदावणे दिसताच रुग्णालय गाठावे.

अपराधी भावनेने खचलेली आई ताटाशेजारी ठामपणे बसू शकत नाही. पालकांना दोषमुक्त करणे ही त्यामुळे त्यांच्यावरील दया नव्हे. मुलीच्या उपचाराचाच तो एक भाग आहे.