आग्नेय आकाशातील नभोवाणी

लघुलहरींवरून दूरदेशीचे केंद्र ऐकण्याचा ज्यांनी कधी काळी ध्यास घेतला आहे, त्यांना ऐकू येणाऱ्या प्रत्येक स्वराचे मोल निराळेच वाटत आलेले आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या हाती आली, शास्त्रीय संगीताविषयीच्या त्यांच्या कळकळीपोटी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच काळात मराठी घरांतील रेडिओंचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. कोलंबोहून निघालेला तो आवाज वातावरणाच्या आयनमंडलावर आपटून परतत आपल्या अंगणात उतरत असे. तो कधी भरून येई, कधी ऐन ध्रुपदाच्या तोंडाशी विरून जाई, आणि मधूनच एखादे परके केंद्र त्याच्यावर शिट्टी घालीत स्वार होई. तरीही माणसे कान लावून बसत, कारण ज्या संगीताची तहान होती ते दुसरीकडे मिळत नव्हते. पुढे अर्ध्या शतकाने हीच तहान एका अगदी निराळ्या यंत्राच्या वाट्याला आली. ते यंत्र म्हणजे वर्ल्डस्पेसचा उपग्रह-रेडिओ.

ह्या उपक्रमाचे प्रवर्तक नोआ समारा हे इथिओपियात जन्मलेले आणि अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. आफ्रिकेत एड्सचा फैलाव होत असता, त्या रोगापासून बचाव कसा करावा ही साधी माहितीदेखील लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचत नव्हती. वर्तमानपत्र वाचता येत नव्हते आणि नभोवाणीचे केंद्र दूर पडे. ह्या जाणिवेतून १९९० साली त्यांनी कंपनी स्थापन केली. उपग्रहावरून थेट श्रोत्याच्या हातातील लहानशा संचात ध्वनी उतरवायचा, मध्ये ना मनोरा, ना तार, ना प्रक्षेपणकेंद्र, हा त्यांचा संकल्प. १९९२ साली स्पेनमधील तोर्रेमोलिनोस येथे भरलेल्या जागतिक परिषदेने १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अंकीय ध्वनिप्रक्षेपणासाठी मुक्रर केला आणि त्या संकल्पाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून आरियान अग्निबाणाने ‘आफ्रिस्टार’ कक्षेत नेला, आणि २१ मार्च २००० रोजी ‘एशियास्टार’. भारताच्या वाट्याला आला तो हा दुसरा.

एशियास्टारचे ठाणे विषुववृत्ताच्या वर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सिंगापूरच्या किंचित दक्षिणेस, सुमात्राच्या पूर्वेकडील समुद्रावर, जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर होते. त्या उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी जुळत्या गतीने फिरतो आणि म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला स्थिर भासतो, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच एका इंग्रजी मासिकात मांडून ठेवले होते. तेच क्लार्क पुढे सिलोनला येऊन स्थायिक झाले. उपग्रहाच्या ह्या स्थिरतेत श्रोत्याची सारी सोय सामावलेली होती. एकदा दिशा सापडली की ती कायमची. मात्र ती सापडावी लागे.

माझ्याकडचा संच पहिल्या पिढीतला. ह्या पिढीचे संच हिताची, जेव्हीसी, पॅनासॉनिक आणि सान्यो ह्या जपानी कंपन्यांनी घडवले होते, आणि पुढे आपल्याकडील बीपीएलही त्यात उतरली. सकृद्दर्शनी तो चांगल्या प्रतीचा प्रवासी रेडिओच: मूठ, ध्वनिक्षेपक, एफएम, मध्यम आणि लघुलहरींचे पट्टे, सेलवर किंवा घरच्या विजेवर चालण्याची तजवीज. निराळेपण त्याच्या एरियलमध्ये. नेहमीची ताणून लांब करायची दांडी ह्या कामासाठी निरुपयोगी. तिच्या जागी तळहाताएवढी चपटी चौकोनी पाटी, संचापासून सुटी होणारी, आणि तिला तार जोडून ती दूर खिडकीत ठेवता येण्याची सोय. वीस सेंटिमीटरच्या आसपास लांबी असलेल्या लहरींसाठी एवढी पाटी पुरते. उपग्रहावरून येणाऱ्या लहरी वर्तुळाकार ध्रुवित असल्यामुळे पाटी स्वतःभोवती कशीही फिरली तरी बिघडत नाही. तिचा चेहरा मात्र उपग्रहाच्या रोखाने असला पाहिजे.

पुण्याहून हा रोख पूर्वेच्या पुष्कळ पुढे, आग्नेयेच्या अलीकडे पडतो, आणि उंची क्षितिज व माथा यांच्या मध्यापेक्षा थोडी वर, सुमारे अठ्ठेचाळीस अंश. आमच्या घराची गॅलरी सुदैवाने त्याच अंगाची. पाटी प्रथम दिवाणखान्याच्या खिडकीत, लोखंडी गजांच्या आत ठेवली, तेव्हा संचाच्या पडद्यावर सिग्नलच्या रेघा उमटल्या खऱ्या, पण त्या उभ्या राहतात न राहतात तोच मावळत. कारण गजांमधील अंतर लहरींच्या लांबीशी टक्कर देण्याइतके अरुंद होते. पाटी गजांबाहेर कठड्यावर आणली, पंचांगातली दिशा आणि होकायंत्राची सुई यांचा मेळ घातला, तिला मागून पुस्तकाचा टेकू देऊन हळूहळू वर झुकवली, आणि एका विशिष्ट झुकावाला रेघा एकामागून एक भरत गेल्या. पडद्यावर अक्षरे सरकू लागली, वाहिन्यांची नावे येत गेली, आणि एका क्षणी काहीही कुरकुर, खरखर, शिट्टी न होता गाणे सुरू झाले. ते सुरू होण्यापूर्वीची शांतताही संपूर्ण होती. जुन्या रेडिओत केंद्र जवळ येत असल्याची चाहूल लागते. इथे चाहूल नव्हती, एकतर सर्व काही किंवा काहीच नाही.

हे असे का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. ध्वनी अंकांत रूपांतरित होऊन येतो; अंक धडपणे वाचता आले तर मूळ ध्वनी जसाच्या तसा उभा राहतो, चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या तर संच गप्प राहणे पसंत करतो. अंकही सगळे येत नाहीत. कान जे ऐकत नाही ते आधीच गाळून टाकणाऱ्या एमपी-३ ह्या पद्धतीने ध्वनी आकसलेला असे. उपग्रहाच्या प्रत्येक वाहकलहरीवर सोळा सोळा किलोबिटांचे शहाण्णव कप्पे, आणि ज्या वाहिनीला जितका दर्जा हवा तितके कप्पे तिच्या नावे. नुसत्या बोलण्याला एकदोन कप्पे पुरत, संगीताला अधिक लागत. कमी कप्प्यांवरच्या वाहिनीत निवेदकाचा आवाज काहीसा पोकळ, पाण्याखालून आल्यासारखा वाटे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ‘गंधर्व’ ही हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची वाहिनी लावल्यावर जो अनुभव आला त्यापुढे ही तक्रार किरकोळ होती. लघुलहरींवर तानपुरा कधी ऐकूच येत नसे. तो खरखरीत बुडून जाई आणि गायक जणू निराधार गात राही. इथे जव्हारीचा झंकार खालून सतत वाहत होता, षड्जाच्या दोन उच्चारांमधील मोकळी जागा ऐकू येत होती, आणि विलंबित ख्यालात आवर्तन समेवर येण्याआधी गायकाने घेतलेला श्वासदेखील.

पावसाळ्याची मला धास्ती होती. उपग्रहाच्या दूरचित्रवाणीची तबकडी मुसळधार पावसात चित्र गमावते, हे सर्वांच्या पाहण्यातले. ह्या पट्ट्यातील लहरींना मात्र पावसाचे थेंब जवळजवळ अडवीत नाहीत; आषाढातल्या काळ्याकुट्ट दुपारीही रेघा भरलेल्याच राहिल्या. अडवणूक केली ती शेजारच्या आंब्याने. पालवी दाट झाली, तिच्यावर पाणी साचले आणि वारा सुटला की पानांच्या हेलकाव्याबरोबर आवाज तुटे. पाटी कठड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवल्यावर ती कटकट मिटली. त्यानंतर ती जागा पाटीची म्हणून ठरून गेली, आणि तिथे कपडे वाळत घालायचे नाहीत असा घरात दंडकच पडला.

आरंभी हे सारे फुकट होते. नंतर वर्गणी आली. संचाला स्वतःचा क्रमांक असे, आणि वर्गणीचा भरणा झाला की त्या क्रमांकाच्या नावे कुलूप उघडण्याचा हुकूम आकाशातूनच येई. सिलोनच्या लहरी कोणीही झेलाव्यात. इथे श्रोत्याला सनद लागे. भारतीय श्रोत्यांनी ती आनंदाने घेतली. ‘गंधर्व’, कर्नाटक संगीताची ‘श्रुती’, जुन्या चित्रपटगीतांची ‘फरिश्ता’, निरनिराळ्या भारतीय भाषांच्या वाहिन्या, यांच्या जोरावर कंपनीचे जगभरचे जे सुमारे एक लाख सत्तर हजार वर्गणीदार झाले त्यांपैकी शंभरातले पंचाण्णवांहून अधिक भारतातले होते. आफ्रिकेच्या गरिबांसाठी योजलेली वाणी अखेरीस भारतातील संगीतप्रेमी मध्यमवर्गाच्या आधारावर उभी राहिली, ही तिच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना असे मी मानतो. संच स्वस्त नव्हता, आणि ज्यांच्यासाठी तो कल्पिलेला होता त्यांच्या आवाक्यात तो कधीच आला नाही. दोन उपग्रह पोसण्याइतका वसूल एवढ्याशा वर्गणीदारांतून निघणे तर अशक्यच होते.

अमेरिकेत ह्याच जातीची सेवा मोटारींतून फोफावली, कारण तिथे उंच इमारतींच्या आडोशाला जमिनीवरचे पूरक प्रक्षेपक बसवले गेले. आपल्याकडे ती घरातल्या खिडकीत आणि गॅलरीतच राहिली. १७ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातील प्रसारण बंद झाले. माझ्या मते दोष यंत्राकडे जात नाही. त्याने सांगितलेले काम चोख केले. पण ज्या संचाचा हा पट्टा फक्त एकाच दात्याचा आवाज ओळखतो, त्याचे भवितव्य त्या दात्याच्या हिशेबवहीशी बांधलेले असते. कोलंबोचे केंद्र गप्प झाले असते तर काटा मॉस्कोकडे किंवा लंडनकडे वळवता आला असता. एशियास्टारवरची वाहिनी थांबल्यावर पाटी कुठेही वळवून उपयोग नव्हता. संचातील एफएम आणि लघुलहरी मात्र आजही लागतात.

चोवीस तास शास्त्रीय संगीत ऐकवणारी वाहिनी भारतात चालू शकते, तिला पैसे मोजणारे श्रोते आहेत, हे ह्या अल्पायुषी उपक्रमाने सिद्ध केले होते. आकाशवाणीने ‘रागम’ ही तशी वाहिनी सुरू केली ती २६ जानेवारी २०१६ रोजी, ‘गंधर्व’ बंद पडल्यानंतर सहा वर्षांनी. केसकरांनी ज्या संगीतासाठी एवढा रोष पत्करला, त्याला आकाशवाणीवर स्वतःची अखंड वाहिनी मिळण्यास इतका अवधी लागला. ती घरच्या दूरचित्रवाणीच्या तबकडीवरून किंवा इंटरनेटवरून ऐकता येते, आणि तिच्यावर आकाशवाणीच्या संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणे लागतात. त्यांत अशी काही आहेत जी ‘गंधर्व’वाल्यांना कोणत्याही किमतीला मिळाली नसती.