पक्षिमित्रांचा आठवडा

५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. या दोन तारखांमधला पक्षी सप्ताह महाराष्ट्रातले पक्षिमित्र आपल्या उत्साहाने साजरा करत होतेच; २०२० मध्ये राज्य सरकारनेही त्याला अधिकृत मान्यता दिली.

कसोटीचं काम मात्र जानेवारीत. भारतात १९८७ पासून होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी स्वयंसेवक तलाव, धरणं आणि खाड्या गाठतात. चक्रवाक, तलवार बदकं, वारकरी असे सगळे एकाच पाण्यावर मिसळलेले असताना जातवार आकडा काढायला नजर तयार लागते, आणि चिकाटी त्याहून जास्त. त्याच जागी वर्षानुवर्षं केलेल्या या नोंदींतूनच कुठल्या पाणथळीवर कोणती जात घटते आहे, हे कळतं. हौशी माणसांनी उभं केलेलं हे मोलाचं काम आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. २०,००० पाणपक्ष्यांचा नियमित वावर हा रामसरच्या निकषांपैकी एक. तो मोजल्याशिवाय सिद्ध कसा होणार?

नवख्यांनी बिचकू नये. जाणत्या पक्षिमित्रासोबत वही घेऊन या जानेवारीत जवळच्या तलावावर जरूर जावं.