एकच चिप, दोन भाव

गव्हाचे दोन ढीग शेजारीशेजारी असले, तर महाग ढिगातला दाणा आपण तळहातावर घेऊन, दाताखाली धरून पाहू शकतो. संगणकाच्या प्रोसेसरच्या बाबतीत ती सोय नाही. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा करड्या वेष्टनात बंद असतो. वर छापलेले नाव वाचायचे, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायचे आणि पैसे मोजायचे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ज्यांनी घरी, दुकानात किंवा कचेरीत संगणक घेतला, त्यांना कोटेशनच्या पहिल्याच ओळीतला तो घोळ आठवत असेल: ४८६ डीएक्स घ्यायचा की ४८६ एसएक्स? आज ही दोन्ही नावे इतिहासजमा झाली आहेत. तरीही या जोडीची हकिगत सांगण्यासारखी आहे, कारण किंमत, दर्जा आणि गरज या तीन गोष्टी एकमेकींपासून किती दूर राहू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला कर्जविभागात घालवलेल्या वर्षांतही क्वचितच भेटले.

इंटेल कंपनीने ४८६ हा प्रोसेसर एप्रिल १९८९ मध्ये जाहीर केला. त्याच्या आधीच्या ३८६ मध्ये पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर होते, यात बारा लाख. वाढलेल्या जागेत दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. पहिली म्हणजे आठ किलोबाइटची ‘कॅश’. बँकेतल्या कॅशशी तिचे फक्त नाव जुळते, पण काम समजायला आमचा कॅशियरच उपयोगी पडेल. तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी उठून तिजोरीकडे जात नाही. लागणाऱ्या नोटा हाताशी ड्रॉवरमध्ये ठेवतो. प्रोसेसरही वारंवार लागणारी माहिती तशी हाताशी ठेवतो, आणि त्याने कामाचा वेग वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे अपूर्णांकांचे अवघड गणित करणारा खास विभाग, ज्याला फ्लोटिंग पॉइंट युनिट म्हणतात. ३८६ च्या काळात हे काम ३८७ नावाची वेगळी चिप करी. ज्याला हवी तो ती विकत घेई, ज्याला नको त्याच्या यंत्रात तिची जागा रिकामी राही. ४८६ मध्ये ती सोय पोटातच आली. हजार नगांच्या खरेदीत एका नगाला ९५० डॉलर, असा त्याचा सुरुवातीचा भाव होता.

एवढा भाव सामान्य गिऱ्हाइकाला परवडणे शक्य नव्हते, आणि तशात मार्च १९९१ मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने ४० मेगाहर्ट्झचा, स्वस्त आणि चपळ ३८६ बाजारात आणला. इंटेलला खालच्या अंगाचे गिऱ्हाईक हातचे जाताना दिसू लागले. ४८६ चा भाव सरसकट पाडावा, तर जे लोक आनंदाने जास्त पैसे देत होते त्यांच्याकडूनही कमीच मिळणार. यावर कंपनीने काढलेला तोडगा म्हणजे एप्रिल १९९१ मधला ४८६ एसएक्स. २० मेगाहर्ट्झच्या एसएक्सचा भाव होता २५८ डॉलर. मूळ ४८६ ला मग डीएक्स हे नाव चिकटले.

आता गंमत पाहा. सुरुवातीचा एसएक्स ही काही निराळी, साधी चिप नव्हती. तोच साचा, तेच बारा लाखांच्या घरातले ट्रान्झिस्टर, तीच आठ किलोबाइटची कॅश. फक्त गणिती विभाग बंद करून टाकलेला. घर पूर्ण बांधायचे आणि मग एका खोलीला कुलूप घालून ते कमी भाड्याने द्यायचे, त्यातला प्रकार. पुढे तो विभाग साच्यातूनच वगळून चिप लहान करण्यात आली आणि खर्चही खरोखर वाचला. पण आरंभी मात्र स्वस्त माल बनवायला महाग मालाइतकाच खर्च, शिवाय एक भाग निकामी करण्याचा उपद्व्याप!

याहून मोठी करामत पुढे होती. एसएक्स घेतलेल्या गिऱ्हाइकाला उद्या गणिती विभागाची गरज लागली तर? त्यासाठी ४८७ एसएक्स नावाची चिप विकायला ठेवली होती. नावावरून वाटावे की ३८७ सारखी ही जोडीदार चिप असेल. प्रत्यक्षात ती एक जादा पिन असलेली जवळजवळ संपूर्ण डीएक्सच होती. ती शेजारच्या खाचेत बसवली की जुन्या एसएक्सला गप्प बसण्याचा इशारा मिळे आणि सगळे काम नवी चिप एकटी करी. पहिली चिप जागच्या जागी बसून राही, कामाविना. आधी एसएक्स, मग ४८७ अशा दोन खरेद्या करणारा माणूस अखेर एक डीएक्स आणि वर एक झोपलेली चिप यांचा मालक होई.

हे ऐकून पहिल्यांदा राग येतो. मलाही आला होता. पण राग जरा बाजूला ठेवून विचार केला, तर ही युक्ती संगणकवाल्यांनी शोधलेली नाही, हे ध्यानात येते. १८४९ मध्ये ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल हेच निरीक्षण नोंदवले होते. त्या डब्यांवर छप्पर नसे ते छपराचा खर्च वाचावा म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देण्याचा हेतू नसतो, श्रीमंताला घाबरवण्याचा असतो. भिजतो मात्र गरीब. आपल्या मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाचा प्रवासी अनेकपट पैसे मोजतो आणि दुसऱ्या वर्गातल्याबरोबर त्याच मिनिटाला चर्चगेटला उतरतो. तेव्हा कंपनीने काय केले हा प्रश्न एक, आणि आपण कोणते तिकीट काढायचे हा दुसरा. पहिल्याच्या रागात दुसऱ्याचे उत्तर चुकू नये.

त्या उत्तरासाठी आधी एक साधी गोष्ट समजून घ्यायला हवी. सारख्याच मेगाहर्ट्झचे एसएक्स आणि डीएक्स घेतले, तर पूर्णांकांच्या कामात दोघांत काडीचा फरक नव्हता. पत्र लिहिणे, नावांची यादी लावणे, खातेवहीत नोंद करणे, हे सगळे पूर्णांकांचे काम. इतकेच नव्हे, ३३ मेगाहर्ट्झचा एसएक्स अशा कामात २५ मेगाहर्ट्झच्या डीएक्सला मागे टाकी. दुकानात मात्र डीएक्स म्हणजे ‘फास्ट’ आणि एसएक्स म्हणजे ‘स्लो’ असेच सांगत. आमच्या बँकिंग क्षेत्रात डॉ. सी. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर यांत्रिकीकरणाला वेग आला, लेजर पोस्टिंगची यंत्रे शाखांत आली. ती यंत्रे करीत काय? बचत खात्यात दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक शोधायची, तिचे प्रॉडक्ट काढायचे, व्याज लावायचे. (रोजच्या शिलकीवर व्याज १ एप्रिल २०१० पासून सुरू झाले.) बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तेही पैशापर्यंत चोख. कोबोलमध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम दशांश पद्धतीने आकडे मोजत. त्यांना त्या गणिती विभागाशी कर्तव्यच नव्हते. लाखो रुपयांचे व्याज काढणाऱ्या यंत्राला ‘गणिती’ चिप नको, हे सांगितले की लोकांना विनोद वाटे.

१९९३ च्या सुमारास मी पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत कर्जे पाहत होतो. एका महिन्यात संगणकासाठी दोन अर्ज आले. पहिला टंकलेखन संस्था चालवणाऱ्या एका वयस्क गृहस्थांचा. टाइपरायटरवर शिकायला पोरे येईनाशी झाली होती आणि त्यांना पाच संगणक घ्यायचे होते. कोटेशन डीएक्सचे. दुसरा अर्ज एका तरुण ड्राफ्ट्समनचा. नोकरी सोडून तो स्वतः साच्यांची ड्रॉइंग करून देणार होता. बहिणीच्या लग्नानंतर घरात उरलेले सोने तारण ठेवायची त्याची तयारी होती, आणि पैसा कमी पडतो म्हणून त्याने कोटेशन आणले होते एसएक्सचे.

मी संस्थेच्या गृहस्थांना विचारले, “सर, तुम्ही शिकवणार काय?”

“वर्डस्टार, डीबेस, थोडे लोटस,” ते म्हणाले. “पण दुकानदार म्हणतो, साहेब, शिक्षणासाठी उत्तमच घ्यावे.”

त्यातल्या लोटसच्या मोठ्या तक्त्यात गणिती विभागाचा फायदा जाणवतो, हे खरे. पण शिकाऊ मुलाच्या दहा ओळींच्या तक्त्यात कसला जाणवणार? त्यांनी एसएक्स घेतले, आणि वाचलेल्या पैशात यंत्रांची मेमरी वाढवून घेतली, शिवाय एक यूपीएस. वीज दिवसातून दोनदा जाई, तेव्हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सगळ्यात वेगवान वस्तू ती यूपीएसच ठरली असणार.

ड्राफ्ट्समनचे प्रकरण उलटे होते. त्याला चालवायचे होते ऑटोकॅड. रेघा, वक्र, कोन, फिरवलेल्या आकृत्या, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत अपूर्णांकांचे गणित. त्या काळातले ३८६-४८६ साठीचे ऑटोकॅड गणिती चिप नसेल तर सुरूच होत नसे. मेगाहर्ट्झ कितीही असोत. त्याच्या एसएक्सच्या पडद्यावर एक रेघही उमटली नसती आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू झाला असता. “साहेब, दुकानदार म्हणाला नंतर चिप टाकता येते,” असे तो सांगत होता. त्या ‘नंतर’चा हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवला, कर्जाची रक्कम वाढवण्याची शिफारस केली आणि व्यवस्थापकांनी ती मान्य केली. सोने घेतले नाही. यंत्रच तारण राहिले.

अपूर्णांकाच्या गणिताची गरज नेमकी कोणाला, हा वाद लवकरच साऱ्या जगात गाजला. ४८६ नंतर १९९३ मध्ये पेंटियम आला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना त्याच्या भागाकारात खोट सापडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की १.३३३८ च्या ऐवजी १.३३३७ येई. इंटेलने सांगितले, सामान्य माणसाला ही चूक २७ हजार वर्षांत एकदा भेटेल. आयबीएमने हिशेब केला, २४ दिवसांत एकदा. दोघांचे आकडे इतके दूर, कारण दोघांनी कल्पिलेला ‘सामान्य माणूस’ दिवसभरात निरनिराळे काम करत होता. शेवटी इंटेलने चिपा बदलून दिल्या आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढले.

एसएक्सच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याचे उणेही सांगितले पाहिजे. त्याचे मोल लवकर आटले. घरातल्या मुलांना ते बापाआधी कळले. १९९३ चा ‘डूम’ हा खेळ पूर्णांकांवर चाले, त्यामुळे एसएक्सवर खुशाल खेळता येई. १९९६ मध्ये त्याच मंडळींचा ‘क्वेक’ आला आणि त्याने गणिती विभाग मागितला. पण तोवर ४८६ डीएक्सवरही तो धड पळत नव्हता, पेंटियमच लागे. पुढे लागेल म्हणून जादा पैसे मोजलेल्यांच्या हाती ते ‘पुढे’ आले तेव्हा त्यांची चिपही म्हातारी झालेली होती. टंकलेखन संस्थेचे कर्ज त्याआधीच फिटले होते.

इंटेलने ४८६ चे उत्पादन २००७ मध्ये थांबवले. कुलूपबंद खोलीची कल्पना मात्र थांबली नाही. २०१० मध्ये त्याच कंपनीने एका पेंटियममधली काही क्षमता बंद ठेवली आणि ५० डॉलरचे कार्ड घेऊन, त्यावरचा क्रमांक संगणकात भरून ती उघडायची सोय दिली. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढच्या वर्षी ती योजना गुंडाळली गेली. २०१९ पासून त्यांच्या काही प्रोसेसरांच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर दिसते. म्हणजे चित्र दाखवणारा आतला विभाग बंद. भाव थोडा कमी. ज्याच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे त्याचे यात काहीच जात नाही. ज्याच्याकडे नाही, त्याच्या पडद्यावर काहीच येत नाही.