पुष्पकमधली एक फेरी

नंजनगूडच्या रस्त्याने जाताना मंडकळ्ळीपाशी कधी वर पाहिलंय? म्हैसूरचा विमानतळ तिथेच आहे. प्रवासी विमानं तशी मोजकी, पण तिथे वैमानिक घडवणारी शाळाही आहे. त्यामुळे नशीब असेल तर एखादं टीचभर विमान घिरट्या घालताना दिसतं. मोठं विमान गेलं की आपण एकदा बघतो आणि सोडून देतो. या छोट्याचं तसं नसतं. ते इतकं खालून जातं की आत एक माणूस बसलाय हे जाणवतं. आणि सोबत आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर पुढचा प्रश्न ठरलेलाच, "मला बसता येईल का त्यात?"

आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "मोठा झालास की बघू!"

हरियाणातल्या कर्नालमध्ये एका मुलीने आपल्या वडिलांना हाच प्रश्न विचारला होता. कर्नाल हे काही मोठं शहर नव्हतं, पण तिथे फ्लाइंग क्लब होता, आणि त्या काळी असा क्लब असणारी गावं देशात फार थोडी होती. ही मुलगी आणि तिचा भाऊ सायकलवरून फिरताना डोक्यावरून जाणारी विमानं बघायचे आणि ती कुठे चालली असतील याचा अंदाज बांधायचे. वडिलांकडे हट्ट झाला. वडील दोघांना क्लबवर घेऊन गेले आणि मुलांना 'पुष्पक' नावाच्या छोट्या विमानातून फेरी मिळाली. क्लबच्या ग्लायडरमध्येही बसायला मिळालं. ही मुलगी म्हणजे कल्पना चावला. विमानांशी आपलं नातं तिथून जुळलं, असं तिने पुढे नासाच्या मुलाखतीत सांगितलं होतं.

कल्पनाची पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९९७ मधलं पहिलं अंतराळ उड्डाण, आणि १ फेब्रुवारी २००३ ची ती कोलंबियाची बातमी. पण त्या सुरुवातीच्या फेरीबद्दल आपण फारसं बोलत नाही. ती स्पर्धा जिंकून मिळाली नव्हती, तिच्यासाठी परीक्षाही नव्हती. क्लबमध्ये विमान होतं, ते उडवणारं कुणीतरी होतं, आणि त्या 'कुणीतरी'ला दोन मुलांना वर न्यायला हरकत वाटली नाही. बस, एवढंच.

आता त्या विमानाबद्दल, कारण म्हैसूरकरांचं आणि मराठी माणसांचं त्याच्याशी नातं आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी विमानाचा कारखाना काढायचं मनात घेतलं तेव्हा त्यांना साथ दिली ती म्हैसूर संस्थानाने. संस्थानाने जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. तिथे विमानांची रचना करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांच्या देखरेखीखाली आधी 'एचटी-२' हे शिकाऊ विमान तयार झालं, आणि मग पुष्पक. २८ सप्टेंबर १९५८ ला पुष्पक पहिल्यांदा उडालं.

दिसायला अगदी साधं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, वरच्या बाजूला पंख, कापडाचं आवरण आणि ९० अश्वशक्तीचं इंजिन. आजच्या कितीतरी मोटारींचं इंजिन यापेक्षा ताकदवान असतं! ते लढाईसाठी नव्हतंच. गावोगावच्या फ्लाइंग क्लबांना परवडावं, नवशिक्यांना हात बसवता यावा, यासाठी ते बनवलं होतं. अशी साधारण १६० विमानं तयार झाली आणि देशभरच्या क्लबांमध्ये गेली. कर्नालच्या मुलीच्या वाट्याला आलेलं विमान बंगळुरूत बनलेलं होतं आणि देखरेख मराठी माणसाची होती. खरं सांगायचं तर घाटग्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक असायला हवं होतं.

त्याच मुलाखतीत कल्पनाने आणखी एका माणसाचं नाव घेतलं होतं. ते म्हणजे जेआरडी टाटा. त्यांनी टपाल वाहून नेलेल्या विमानांपैकी एक तिला बघायला मिळालं होतं आणि ते तिच्या मनात राहिलं होतं. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना जेआरडींचा, १० फेब्रुवारी १९२९ चा. व्यवसाय पुढे आला. आधी ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबात हौसेने उडणारे तरुण होते.

त्यांचा एक किस्सा मुलांना जरूर सांगा. १९३० मधली गोष्ट. आगाखान यांनी बक्षीस लावलं होतं, की इंग्लंड ते भारत हे अंतर जो भारतीय एकट्याने उडून आधी पार करेल त्याला ५०० पौंड. कोणत्याही बाजूने निघालं तरी चालेल. जेआरडी कराचीहून निघाले. तिकडून इंग्लंडहून निघाला होता अस्पी इंजिनियर, वय वर्षं १७. दोघांची गाठ पडली ती इजिप्तमध्ये अबूकीरच्या धावपट्टीवर. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. जेआरडींकडे जादा प्लग होते. त्यांनी ते देऊन टाकले! अस्पी कराचीला आधी पोचला आणि बक्षीस त्याने नेलं. हाच मुलगा १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

जेआरडी हरले म्हणायचे का? तुमच्या घरातल्या छोट्या मंडळींनाच विचारून बघा. आमच्याकडे यावर दोन तट पडले.

पुढे १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी कराची ते मुंबई हे आपलं पन्नास वर्षांपूर्वीचं टपालाचं उड्डाण जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा एकट्याने केलं. तरुणांच्या मनात थोडी उमेद जागी व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

मुलांना विमानात बसवण्याची ही हौस अमेरिकेत एका मोठ्या उपक्रमाचं रूप घेऊन बसली आहे. ईएए ही हौशी वैमानिकांची संघटना आहे. १९९२ मध्ये तिने 'यंग ईगल्स' सुरू केलं. ८ ते १७ वर्षांच्या मुलांना मोफत फेरी द्यायची. वैमानिक आपलं विमान आणतो, पेट्रोल आपल्या खिशातून भरतो, सुट्टीच्या दिवशी वेळ देतो. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं होईपर्यंत, म्हणजे डिसेंबर २००३ पर्यंत, दहा लाख मुलांना वर न्यायचं ठरलं होतं. ते त्याआधीच महिनाभर पूर्ण झालं. २०१६ मध्ये आकडा वीस लाखांवर गेला आणि त्या विसाव्या लाखाच्या मुलीला फिरवून आणलं सिनेनट हॅरिसन फोर्ड यांनी. ते स्वतः हौशी वैमानिक आहेत, आणि काही वर्षं या उपक्रमाचे अध्यक्षही होते.

आपल्याकडे असं का होत नाही? कारण सरळ आहे, पैसा. स्वतःचं विमान असलेले हौशी वैमानिक इथे फारच थोडे. जुन्या क्लबांची जागा बऱ्याच ठिकाणी व्यावसायिक वैमानिक घडवणाऱ्या शाळांनी घेतली, आणि तिथे प्रत्येक तासाचे पैसे मोजले जातात. विमानतळाची सुरक्षाही आता कडक आहे. सायकल टेकवून कुंपणापलीकडे बघत उभं राहण्याचे दिवस गेले. मला वाटतं, यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते छोट्या गावांतल्या मुलांचं. ज्यांच्या ओळखीत वैमानिक नाही, त्यांनी हे स्वप्न बघायचं तरी कुठून?

तरी दारं अगदीच बंद नाहीत. पुण्याला नातेवाईक असतील तर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची चौकशी करा. ते सरकारी आहे, डीजीसीएचं, त्यामुळे दर खाजगी उड्डाणांच्या मानाने फार कमी असतात. ग्लायडरला इंजिन नसतं. जमिनीवरचं विंच नावाचं यंत्र लांबलचक दोर वेगाने गुंडाळतं, पतंगासारखं ग्लायडर वर चढतं आणि मग दोर सुटतो. पुढचं काम हवेचं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर जाते, घार तिच्यातच पंख न हलवता गोल गोल फिरते, आणि ग्लायडरही तेच करतं. आपल्या देशात बनलेल्या ग्लायडरांची नावंही छान होती, नक्षत्रांवरून ठेवलेली: अश्विनी, रोहिणी, आर्द्रा. जाण्यापूर्वी मात्र तिथे विचारून घ्या, कारण उड्डाणं हवामानावर आणि उपलब्ध ग्लायडरांवर ठरतात.

कॉलेजातल्या मुलामुलींसाठी एनसीसीची एअर विंग आहे. तिथल्या कॅडेटना मायक्रोलाइट या हलक्या विमानातून उडण्याची संधी मिळते. शाळकरी वयात एअरोमॉडेलिंग उत्तम. बाल्सा लाकूड, डिंक आणि रबरबँड यांतून पंखाला हवा कशी उचलते ते हाताला कळतं.

आणि वयाचं म्हणाल, तर शिकाऊ वैमानिकाचा परवाना आपल्याकडे १६ व्या वर्षी मिळू शकतो, खाजगी वैमानिकाचा १७ व्या वर्षी, दहावी पास असल्यावर आणि किमान ४० तासांचं उड्डाण झाल्यावर. म्हणजे स्कूटीच्या पक्क्या लायसन्ससाठी १८ पूर्ण होण्याची वाट बघावी लागते, विमानाला तेवढंही नाही!

कल्पनाने स्वतः ही रीत पुढे चालवली. ती विमान आणि ग्लायडर दोन्ही शिकवण्याचा परवाना असलेली प्रशिक्षक होती. कर्नालच्या टागोर बाल निकेतन या आपल्या शाळेला ती विसरली नाही. १९९८ पासून शाळेतले दोन विद्यार्थी दरवर्षी उन्हाळ्यात अमेरिकेला, अंतराळविज्ञानाच्या शिबिराला जाऊ लागले. ह्यूस्टनला आलेल्या या मुलांना ती घरी जेवायला बोलवायची.