आयएमईआय रिपोर्टमधले कोरे रकाने

अमरावतीत भाच्यानं सेकंडहँड फोन पाहिला. आयएमईआय टाकून रिपोर्ट काढला, तर कंपनी-मॉडेल आलं. रंग, स्टोरेज, खरेदीची तारीख, सगळं कोरं. “मामा, चोरीचा तर नाही ना?”

अरे बापा, कोरं म्हणजे चोरीचं नव्हे. त्या 15 आकड्यांतले पहिले 8 मॉडेलचे, पुढचे 6 त्या एका हँडसेटचे, शेवटचा नुसता पडताळणीचा. रंग किंवा मालकाचं नाव त्यात नसतंच. रंग वगैरे कंपनीच्या नोंदींत असतं. साइटला मिळालं तर दाखवते, नाहीतर रकाना रिकामा.

भीती मला भरलेल्या रिपोर्टची जास्त वाटते! नंबर दुसऱ्या फोनचा कॉपी केलेला असेल, तर माहिती त्या फोनचीच येते, अगदी चकाचक. म्हणून *#06# दाबून आलेला नंबर डब्याशी आणि बिलाशी जुळवायचा. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही नंबर. मग इंग्रजीत केवायएम, स्पेस, नंबर असा एसएमएस 14422 वर. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असं उत्तर आलं तर घ्यायचा नाही. पण फोन कालच चोरीला गेला आणि कुणी तक्रारच केली नाही, तर यादीत कुठून येणार? तिथं बिलच कामाचं.

भाच्यानं बिल मागितलं. विकणारा म्हणाला, “उद्या देतो.” आठवडा झाला, पैसे अजून भाच्याच्याच खिशात आहेत.