लाइटसाटा : साठवण-जोडणीतील सीमाचिन्हांचा विचार

संगणक आणि हार्ड डिस्क यांच्यात चालणारा व्यवहार भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहण्यास लाइटसाटा या मुक्तस्रोत गाभ्याइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही जिची अंतर्गत मंडलरचना हवी तशी ठरविता येते अशा चिपला एफपीजीए म्हणतात, आणि तिच्यात बसवावयाच्या तयार मंडल-आराखड्यास कोअर, म्हणजे गाभा, म्हणतात. प्रस्तुत गाभा अशा चिपला साटा जातीची डिस्क थेट जोडून देतो. मध्ये वेगळ्या संगणकाची आवश्यकता राहत नाही. एन्जॉय-डिजिटल या फ्रेंच संस्थेने हाँगकाँग विद्यापीठाच्या सहकार्याने २०१४-१५ च्या सुमारास तो रचला व बीएसडी परवान्याखाली खुला केला. मिजेन या पायथनवर आधारलेल्या वर्णनभाषेत तो लिहिलेला आहे. म्हणजे प्रथम तो एक वाचता येणारी संहिता आहे, आणि त्या संहितेपासून मंडल सिद्ध होते.

जुन्या समांतर एटीए जोडणीत सोळा तारांवरून सोळा बिट एकाच वेळी जात, आणि ते केव्हा वाचावेत हे सांगणारी तार वेगळी असे. २००३ पासून साटाने तिची जागा घेण्यास आरंभ केला. साटात प्रत्येक दिशेस तारांची एकच जोडी असून तिच्यावरून बिट एकामागून एक, सेकंदास दीड, तीन किंवा सहा अब्ज या वेगाने धावतात. कालमापनाची स्वतंत्र तार नाही. मोडी दस्तऐवज वाचणाऱ्यास शब्द न तोडता लिहिलेली ओळ परिचित असते. परंतु तेथे निदान अक्षर कोठे संपते ते दिसते. येथे अक्षराचीही सीमा दिसत नाही. या प्रवाहात अक्षर कोठे सुरू होते, हाच साटाचा पहिला प्रश्न होय.

त्याचे उत्तर आयबीएममधील विडमर आणि फ्रानाझेक यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या संकेतनात आहे. आठ बिटांच्या प्रत्येक बाइटाऐवजी दहा बिट पाठवावयाचे, अशी ही योजना. दहा बिटांचे १०२४ क्रम संभवतात. पण ज्यांत शून्ये व एक यांची संख्या समान, किंवा फार तर सहास चार, असते तेच ग्राह्य धरले आहेत, आणि एकच बिट लागोपाठ पाचांहून अधिक वेळा येऊ दिलेला नाही. भाषेतील वर्णसंयोगाच्या निर्बंधांशी याचे साम्य उघड आहे. पुष्कळ बाइटांना दोन रूपे आहेत, आणि त्यांतील कोणते वापरावे हे अर्थावरून नव्हे, तर तोवर साचलेल्या असमतोलावरून ठरते. वर्णनात्मक भाषाविज्ञानाच्या परिभाषेत हे पूरक वितरणच आहे.

२५६ बाइटांखेरीज या योजनेत बारा नियंत्रक चिन्हे आहेत. साटा त्यांपैकी दोनच घेते. के-२८.५ या चिन्हात दोन शून्यांपुढे पाच एक, किंवा याच्या उलट, असा क्रम येतो. तो साध्या बाइटांच्या कोणत्याही शुद्ध मालिकेत, दोन अक्षरांच्या सांध्यावरसुद्धा, उद्भवत नाही. म्हणून तो दिसला की अक्षराची सीमा निश्चित होते. अलाइन या चार बाइटांच्या संकेताचा आरंभ या चिन्हाने होतो. इतर सर्व संकेतांचा के-२८.३ ने.

येथे पाणिनीच्या 'इत्' वर्णांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेही उच्चाराचे घटक नव्हेत. प्रक्रियेला सूचना देऊन ते लोप पावतात. लाइटसाटातही अलाइन घालणारा एक भाग आणि वरच्या थराकडे जाण्यापूर्वी तो काढून टाकणारा दुसरा भाग आहे. परंतु साम्याहून भेद अधिक बोधप्रद आहे. पाणिनीची चिन्हे भाषेच्याच वर्णांतून घेतलेली असल्यामुळे 'इत्' कोणता हे ओळखण्यासाठी त्याला स्वतंत्र सूत्रे करावी लागली. के-चिन्ह वर्णमालेच्या बाहेरचे असल्याने स्वतःची ओळख स्वतःच देते. अर्थात् या सोयीचे मोल आठांऐवजी दहा बिट पाठवून चुकवावे लागते.

अक्षरांची देवघेव सुरू होण्यापूर्वीचा व्यवहार तर याहून प्राथमिक आहे. दोन्ही पक्ष सुमारे १०६.७ नॅनोसेकंदांचे एकसारखे स्फोट पाठवितात. भेद असतो तो मधल्या शांततेत. ३२० नॅनोसेकंदांचा विराम आरंभ सुचवितो, १०६.७ चा जाग आणतो. यजमानाचा कॉमरीसेट आणि डिस्कचा कॉमइनिट हे रूपाने तंतोतंत एक आहेत. कोण बोलले यावरूनच अर्थ बदलतो. सर्वनामांचा अभ्यास करणाऱ्यास यापेक्षा निखळ उदाहरण मिळणे कठीण.

त्यानंतरची देवघेव नेमस्त आहे : पाठवू का, पाठवा, आरंभ, मजकूर, पडताळ्याचे ३२ बिट, शेवट, आणि 'पोचले' किंवा 'बिघडले'. घेणाऱ्याची जागा भरत आली तर तो होल्ड म्हणतो, आणि वीस चतुष्कांच्या, म्हणजे ऐंशी बाइटांच्या, आत प्रवाह थांबावा लागतो.

यांतील कॉन्ट हा संकेत मात्र विशेष लक्ष देण्याजोगा आहे. एखादा संकेत दीर्घकाळ पुन्हापुन्हा पाठविल्यास त्याच्या ठरावीक आवर्तनामुळे विद्युत्‌चुंबकीय उपद्रव काही थोड्या वारंवारतांवर एकवटतो. म्हणून तो दोनदा पाठवून कॉन्ट पाठवितात, आणि नंतर पुढचा संकेत येईपर्यंत केवळ निरर्थक, विस्कळीत बाइट पाठवीत राहतात. ऐकणाऱ्याने त्या बडबडीचा अर्थ 'पूर्ववत्' असा घ्यावयाचा. मौन पाळणे येथे शक्य नाही, कारण मौन म्हणजे जोडणी तुटणे. तेव्हा निरर्थकालाच पुनरुक्तीचा अर्थ दिला आहे. लाइटसाटाच्या संहितेत हा नियम घालणारे व काढणारे दोन छोटे भाग समोरासमोर वाचता येतात. बंदिस्त गाभ्यात तोच नियम बाह्य वर्तनावरून अनुमानाने शोधावा लागतो.

तथापि या मोकळेपणाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. किंटेक्स-७ चिपवरील रचनेत दहा बिटांचे संकेतन लाइटसाटा स्वतः करीत नाही. ते चिपमधील उत्पादकाच्या तयार प्रेषक-ग्राहकाकडे सोपविलेले असते, आणि त्याची अंतर्रचना खुली नाही. ज्या थरावर सीमेचा प्रश्न सुटतो, नेमका तोच थर संहितेबाहेर राहतो. व्याकरण उपलब्ध असावे आणि उच्चारस्थानांचे वर्णन मात्र गुप्त असावे, तशी ही स्थिती आहे. आज्ञांचा संग्रहही त्रोटक आहे : वाचणे, लिहिणे आणि डिस्कची ओळख विचारणे, एवढेच तीन प्रकार. ही उणीव किरकोळ मानावयास हरकत नाही. पहिली मात्र तशी नाही.

गाभ्याच्या चाचणीसाठी त्याच संहितेसोबत डिस्कची एक पायथन प्रतिकृती दिली आहे. चिप किंवा केबल हाती नसतानाही संपूर्ण संवाद तीवर चालवून संकेतांचा क्रम पाहता येतो. मात्र गाभा आणि प्रतिकृती एकाच समजुतीतून लिहिल्या गेल्या असतील तर त्या समजुतीतील दोष दोहोंत सारखाच उतरेल, आणि संवाद निर्वेध चालेल. तो उघडा पडेल निराळ्या निर्मात्याची खरी डिस्क जोडल्यावर.