गच्चीवरची मेथी आणि मिठाचा थर

रियाधमध्ये ऑक्टोबर लागला की गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येतो. उन्हाळ्यात ४३ अंशांपलीकडे जाणारा पारा जानेवारीत दुपारी २०च्या आसपास आणि पहाटे ९पर्यंत उतरतो. महाराष्ट्रात पेरणी मृगाच्या पावसाची वाट पाहते. इथे ती थंडीची वाट पाहते. म्हणून वाचक भगिनींनो, मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांचे बी आताच काढून ठेवा. मेथीला तर दुकानातही जावे लागत नाही, फोडणीच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवले की पुरे.

मेथीला वीतभर खोल भांडे चालते, टोमॅटोला दीड-दोन वीत लागते. तेलाचा डबा, प्लॅस्टिकची बादली, काहीही घ्या. तळाला भोके मात्र हवीतच, आणि चार-पाच तरी हवीत. ही भोके मी पहिल्या वर्षी फारशी मनावर घेतली नव्हती.

त्या वर्षी मी रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी शिंपडत असे. पाणी वाया जाऊ नये ही लहानपणापासूनची शिकवण. मेथी बोटभर वाढली आणि पानांच्या कडा करपू लागल्या. फरसबी तर फुलावर येण्याआधीच वाळली. मातीवर पांढरी साय धरली होती. मला ती बुरशी वाटली. शाळेत बागकाम करणाऱ्या केरळच्या माळ्याला दाखवले, तर त्याने ती बोटाने उचलून जिभेवर ठेवली आणि हसला. "टीचर, हे मीठ आहे. थोडे थोडे पाणी म्हणजे थोडे थोडे मीठ."

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे माळ्याकडून कळावे! इथल्या नळाला समुद्राचे गोडे केलेले पाणी आणि खोल विहिरींचे पाणी मिसळून येते. पिण्यास ते चांगले, पण थोडा क्षार त्यात असतोच. कोरड्या हवेत पाणी उडून जाते, क्षार कुंडीत राहतो. आमच्या बेटावर पाऊस तो धुऊन नेतो, इथे ते काम आपणच करावे लागते. तेव्हापासून मी रोज शिंपडत नाही. माती वरून बोटभर सुकली की खालून धार लागेपर्यंत पाणी घालते, आणि ते निथळलेले पाणी पुन्हा कुंडीत ओतत नाही. फरसबी आणि स्ट्रॉबेरी क्षाराला फार नाजूक. बीट आणि पालक बरेच सोसतात. नवशिक्यांनी पालकापासून सुरुवात करावी.

माती विकत घेण्यापेक्षा घरी करावी. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवारातून घरच्या काडीकचऱ्याचे मोल लोकांना पटवले. वाळू, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कुजलेला पालापाचोळा समभाग घ्यावा. चहाचा चोथा धुऊन टाकावा. भाजीचे मीठ घातलेले उरलेसुरले मात्र नको, कारण उघड आहे.

पाण्याची काटकसर आणि हे निथळू देणे यांचा मेळ कसा घालायचा, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. रियाधला येणारे बरेचसे पाणी जुबैलच्या किनाऱ्यावरून चारशेहून अधिक किलोमीटर नळातून येते. याच देशाने १९८०च्या दशकात भूगर्भातील पुरातन पाणी उपसून इतका गहू पिकवला की तो निर्यात होऊ लागला. २००८पासून सरकारने खरेदी कमी करत नेली आणि २०१६मध्ये बंद केली. पुढे ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. ते पाणी काही परत आले नाही. मी एवढेच करते की कुंड्या मोजक्या सात ठेवते, वर गवताचे आच्छादन घालते आणि तांदूळ धुतलेले पाणी आधी त्यांना देते.

फळझाड हवे असेल तर लिंबू लावा, मोठ्या पिंपात. अल-अहसाच्या मरूद्यानात खजुरांच्या सावलीत लिंबे होतात, तशीच सावली एप्रिलनंतर आपल्या झाडाला द्यावी लागते. मी जुनी सुती साडी बांधते. मेथी मार्चमध्ये फुलावर आली की दोन रोपे तशीच राहू द्या. शेंगा वाळल्यावर बी पुडीत बांधून तारीख घालावी. माझ्याकडे तीन हिवाळ्यांच्या पुड्या आहेत.